पॉकेटमध्ये थांबणं कुणाला परवडतं?

१९८५ च्या ऑक्टोबरात मायामीविरुद्धच्या सामन्यात ओक्लाहोमा विद्यापीठाच्या ट्रॉय एकमनच्या पायाचं हाड मोडलं. एकमन त्याच राज्यातल्या हेन्रिएटा गावात वाढलेला, उंचापुरा, फेकीला अचूक. त्याच्यासाठी बॅरी स्विट्झर या मुरलेल्या कोचने आपली ठरलेली 'विशबोन' पद्धत, म्हणजे क्वार्टरबॅकसकट सगळ्यांनी पळायची पद्धत, जरा सैल केली होती. एकमन जायबंदी झाला आणि जमेल हॉलिवे हा पहिल्याच वर्षाचा चपळ पोरगा मैदानात आला. विशबोन परत आली आणि ओक्लाहोमाने त्या मोसमाचं राष्ट्रीय विजेतेपद खेचून नेलं. इथे आपलं काही खरं नाही, हे एकमनने ओळखलं. स्विट्झरनेच शब्द टाकून त्याला कॅलिफोर्नियात, यूसीएलएमध्ये धाडलं. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत, एकमन पहिल्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे डॅलस काउबॉइजमध्ये हेच कोच आणि हाच क्वार्टरबॅक पुन्हा एकत्र आले आणि १९९६ च्या जानेवारीत सुपर बोल जिंकून मोकळे झाले.

म्हणजे त्या वर्षी हॉलिवेला खेळवणारा स्विट्झर चुकला नव्हता, आणि एकमनला पहिल्या क्रमांकावर उचलणारं डॅलसही चुकलं नाही. अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकची भरती हा विषय असा गुंतागुंतीचा आहे. पळणारा घ्यावा की थांबून फेकणारा, यावर तिथे पिढ्यान् पिढ्या वाद चालला आहे. मला त्यात हिशेबाची एक बाजू फार महत्त्वाची वाटते, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं.

हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. क्वार्टरबॅक चेंडू हातात घेऊन दोन-चार पावलं मागे सरतो. पुढे पाच धिप्पाड लाइनमन त्याच्याभोवती भिंत उभी करतात. त्या भिंतीआडची जागा म्हणजे पॉकेट. तिथे तीन सेकंद शांत उभं राहून, समोरून दीडशे किलोचा गडी अंगावर येत असताना, लांबवरचा सहकारी हेरून फेक करणारा तो पॉकेट पासर. आता भिंत पक्की हवी, तर तसे पाच गडी हवेत. असे गडी देशभरात मोजके निघतात आणि अलाबामा, ओहायो स्टेट, जॉर्जिया अशी बडी घराणी ते आधीच उचलून नेतात. उरलेल्यांनी काय करायचं? भिंत कच्ची असेल तर तिच्यामागे उभा राहणाऱ्याला निदान पळता तरी आलं पाहिजे. थांबून फेकणारा क्वार्टरबॅक ही बऱ्याच अंशी श्रीमंतांची चैन आहे, असं मी म्हणतो ते यामुळे.

पळण्यामागे आणखी एक साधं अंकगणित आहे. दोन्हीकडे अकरा-अकरा गडी. क्वार्टरबॅकने चेंडू दुसऱ्याच्या हाती देऊन नुसतं बघत राहायचं ठरवलं, की हल्ला दहा जणांचा उरतो आणि बचाव मात्र अकरांचाच. हा एकाचा तोटा भरून काढायची सर्वांत देखणी युक्ती 'झोन रीड'. तिचं श्रेय बहुतेक जण रिच रॉड्रिगेझला देतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात तो कोच होता. गोष्ट अशी सांगतात, की सरावात क्वार्टरबॅकची चेंडू सोपवायची वेळ हुकली, टोकाचा बचावपटू आत झेपावलेला दिसला, म्हणून पोरगा चेंडू घेऊन बाहेरून सुसाट सुटला. कोचने चुकीबद्दल झापण्याऐवजी विचारलं, 'का सुटलास?' उत्तरातून डाव जन्मला. टोकाच्या बचावपटूला मुद्दाम मोकळं सोडायचं. क्वार्टरबॅकने चेंडू धावपटूच्या पोटाशी धरून ठेवायचा आणि नजर त्या मोकळ्या गड्याच्या खांद्यावर ठेवायची. तो आत वळला तर चेंडू काढून घेऊन आपण बाहेरून पळायचं, तो जागीच थांबला तर चेंडू धावपटूला द्यायचा. त्या बचावपटूला कुणी हात लावत नाही, तरी तो बाद होतो. अकराला अकरा.

कॉलेजचे नियमही या पळापळीच्या पथ्यावर पडतात. मैदानावरच्या हॅश खुणांमध्ये तिथे ४० फुटांचं अंतर असतं. व्यावसायिक एनएफएलमध्ये जेमतेम साडेअठरा. त्यामुळे कॉलेजात चेंडू कडेच्या खुणेवर आला की दुसऱ्या बाजूला ऐसपैस मोकळं रान मिळतं. आकडेवारीचा एक गमतीदार भाग असा, की कॉलेजात क्वार्टरबॅक फेकीआधी पाडला गेला तर ते गमावलेले यार्ड त्याच्या धावण्याच्या खात्यातून वजा होतात. नुसते आकडे पाहून कोण किती पळतो हे ठरवणारा त्यामुळे हमखास फसतो.

पण सामान हाताशी नसताना डाव बदलला तर काय होतं, हे मिशिगनने दाखवलं. मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर गावी शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना पहिल्याच शनिवारी कळतं, की एक लाख सात हजारांच्या त्या स्टेडियमपुढे गावातलं बाकी सगळं गौण आहे. तिथे २००८ च्या मोसमासाठी हाच रॉड्रिगेझ आला. आधीच्या कोचने भरती केलेला रायन मॅलेट हा खांबासारखा उंच, तोफखान्याचा क्वार्टरबॅक वारं ओळखून आर्कान्सोला निघून गेला. रॉड्रिगेझची नजर असलेला टेरेल प्रायर ओहायो स्टेटला गेला. हाती उरलेल्यांना ना नवा डाव जमला, ना जुना. ३ विजय, ९ पराभव. सलग ३३ मोसम मोसमाअखेरचा मानाचा 'बोल' सामना खेळणाऱ्या मिशिगनची परंपरा तुटली. पुढे फ्लोरिडाहून आलेला डेनार्ड रॉबिन्सन डावाला अगदी चपखल बसला. २०१० मध्ये त्याने १,७०२ यार्ड धाव घेतली, फेकीचे अडीच हजारांवर यार्ड वेगळे. पण बचाव इतका भुसभुशीत होता, की मोसम संपताच कोचची गच्छंती झाली. रॉबिन्सन एनएफएलमध्ये गेला तो धावपटू म्हणून. भरती करताना कॉलेज पुढच्या तीन-चार वर्षांचं पाहतं आणि मुलाला पुढच्या पंधरा वर्षांचं पाहावं लागतं, हा पेच त्यालाही चुकला नाही.

माझ्या सिद्धांताला अपवाद आहेत आणि ते चांगले दणदणीत आहेत. टेक्सास काही गरीब नव्हतं. तरी ४ जानेवारी २००६ च्या रोझ बोलमध्ये त्यांचा व्हिन्स यंग २०० यार्ड पळाला, २६७ यार्डांची फेक केली आणि १९ सेकंद उरले असताना आठ यार्डांवरून उजव्या कोपऱ्यात घुसून ४१-३८ असा सामना काढला. समोर होता यूएससीचा मॅट लायनार्ट, कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाईझमन करंडकाचा विजेता, नखशिखान्त पॉकेट पासर. तोही त्या रात्री ३६५ यार्ड फेकून हरला. उलट बाजूचं उदाहरण म्हणजे टेक्सास टेक. लबक या आडगावी माइक लीचने लाइनमन दूरदूर उभे केले आणि चेंडू हातात येताच सोडून द्यायची शिस्त लावली. फेक झटपट झाली की भिंतीला फार वेळ टिकावं लागत नाही. २००८ मध्ये ग्रॅहम हॅरेलने एक सेकंद उरला असताना क्रॅबट्री या सहकाऱ्याला दिलेल्या चेंडूने पहिल्या क्रमांकाच्या टेक्सासला आडवं केलं. गरिबाला फेकण्याची वाट अगदीच बंद नव्हती.

आणि मग रंगाचा प्रश्न. तो बाजूला ठेवून हा आढावा घेणं अप्रामाणिकपणाचं होईल. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक म्हणजे पाय, गोरा म्हणजे डोकं आणि हात, ही वाटणी कित्येक दशकं भरती करणाऱ्यांच्या डोक्यात घट्ट बसली होती. वॉरन मून उत्तम फेकणारा. १९७८ च्या रोझ बोलमध्ये वॉशिंग्टनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला कुणी विचारलं नाही. कॅनडात एडमंटनकडून सलग पाच ग्रे कप जिंकून त्याला मागच्या दाराने यावं लागलं. लमार जॅक्सनच्या आईने तर मुलाला क्वार्टरबॅकच खेळवायचं, असा शब्द लुइव्हिलच्या कोचकडून घेतला होता. त्याच लमारने २०१६ मध्ये एकूण ५१ टचडाऊन करून हाईझमन पटकावली. तरीही ड्राफ्टच्या वेळी त्याने चेंडू झेलणारा व्हावं, असा सल्ला देणारे जाणकार निघालेच.

अलाबामात निक सेबनने बरीच वर्षं एजे मॅकॅरनसारख्या शांत डोक्याच्या फेकणाऱ्यांवर विजेतेपदं जिंकली, कारण पुढची भिंत त्याला परवडत होती. पण मॅन्झिएल या पळणाऱ्या क्वार्टरबॅकच्या टेक्सास ए अँड एमने २०१२ मध्ये त्याच्या घरी येऊन २९-२४ असा धडा दिला आणि काही वर्षांत सेबनही पळणाऱ्या जेलन हर्ट्सवर आला. ८ जानेवारी २०१८ ला जॉर्जियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला ०-१३ अशी पिछाडी असताना त्याने हर्ट्सला बसवलं आणि टुआ टागोव्हायलोआला उतरवलं. जादा वेळेत टुआ आधी सोळा यार्ड मागे पाडला गेला आणि पुढच्याच डावात ४१ यार्डांची फेक करून सामना जिंकला. आता मौज अशी, की भरतीच्या याद्यांमध्ये टुआही दुहेरी धोक्याच्या, म्हणजे पळणाऱ्यांच्याच रकान्यात होता. रकान्यांवर किती विसंबायचं ते यावरून ठरवावं. त्याच अलाबामाने २०२० मध्ये पुन्हा मॅक जोन्स या थांबून फेकणाऱ्यावर विजेतेपद घेतलं. भिंत तेव्हाही मजबूत होती.

आता बाजारच बदलला आहे. २०२१ पासून मुलांना आपल्या नावावर पैसे कमावता येतात आणि एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलता येतं. २०२५ पासून विद्यापीठ स्वतःच खेळाडूंना वाटू शकतं, पहिल्या वर्षी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत. सतरा वर्षांचा पोरगा निवडून त्याला तीन वर्षं घडवण्यापेक्षा दुसरीकडे घडलेला बाविशीचा क्वार्टरबॅक उचलणं कोचला सोयीचं पडतं. याची चुणूक नियम बदलण्याआधीच दिसली होती: ओहायो स्टेटमधून एलएसयूला गेलेला जो बरो २०१९ मध्ये ६० टचडाऊन फेकून गेला. तिथेच ॲरिझोना स्टेटहून आलेल्या जेडन डॅनियल्सने २०२३ ची हाईझमन पळत आणि फेकत मिळवली. एकाच कॉलेजने चार वर्षांच्या अंतराने दोन तऱ्हेचे दोन क्वार्टरबॅक बाहेरून आणले आणि दोघांनीही हाईझमन आणून दिली.

शाळकरी मुलांची पारख मात्र आजही अंधारातली आहे. उन्हाळ्यात सात-सात जणांचे सामने होतात. त्यात लाइनमन नसतात आणि अंगावर कुणी येत नाही. म्हणजे पॉकेटही दिसत नाही आणि पळणंही. दिसतो तो फक्त हात. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ गावच्या शेतावरचा जॉश ॲलन अशा शिबिरांमधून फारसा फिरलाच नाही. वरच्या श्रेणीच्या एकाही कॉलेजने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो रीडलीच्या दोन वर्षांच्या कॉलेजात गेला, देशभरच्या कोचना ई-मेल पाठवत राहिला, आणि शेवटी वायोमिंगने त्याला घेतलं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तो सातवा निवडला गेला. दहाव्या क्रमांकावर यूसीएलएचा जॉश रोझन, पाठ्यपुस्तकी पॉकेट पासर. लमार जॅक्सन ३२ वा. रोझनला घेणाऱ्या ॲरिझोनाच्या एनएफएल संघाने वर्षभरातच त्याला मायामीला देऊन टाकलं आणि त्याच्या जागी कायलर मरे हा ठेंगणा, पळणारा क्वार्टरबॅक पहिल्या क्रमांकाने उचलला. ॲलन आणि जॅक्सन दोघेही पुढे एनएफएलचे सर्वोत्तम खेळाडू ठरले, जॅक्सन तर दोनदा.