दुकानातला तजुर्बा वहीत उतरवा

धाराशिव, उमरग्याच्या कापड दुकानांत नवा पोरगा पाहून पाहून शिकतो. जुना नोकर गेला की तजुर्बाही गेला! म्हणून शिकवणीची एक वही ठेवावी. मात्र त्यात सगळेच भरू नये, रोज लागेल तेवढेच निवडावे. उदाहरणार्थ, धागा जाळून पाहणे: सुती धाग्याची कागदासारखी राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी बनते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो.

जुने दर वेळीच खोडावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के, त्यापुढे १८ टक्के जीएसटी लागला. त्याआधी हजारापुढे १२ टक्के होता. पोराने ३००० च्या शेरवानीवर जुनाच दर लावला, तर १८० रुपये मालकाच्या गल्ल्यातून जातात.