दोन गुरुजी, चार वर्ग



ऊस नोंदी व प्लॉट पाहणीसाठी वस्त्यांवर फिरताना फडाला लागून असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळाही नजरेस पडतात. खोल्या दोन, गुरुजी दोन, इयत्ता चार. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत शिक्षक दोनच. त्यातला एक मीटिंगला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला, की उरलेल्यानं करायचं काय?

अशा शाळा नीट चालवणाऱ्या गुरुजींची रीत आपल्या पाण्याच्या पाळीसारखीच आहे. विहिरीला पाणी बेताचं असलं की आपण सगळं रान एकदम भिजवायला जात नाही. तसंच पहिली-दुसरी एकीकडे, तिसरी-चौथी दुसरीकडे. एका गटाला गुरुजी शिकवतात, तोवर दुसरा गट गणिताची कार्डं सोडवतो. भिंतीला खालून, पोरांचा हात पोचेल असा काळ्या रंगाचा पट्टा मारला की वह्या वाचतात आणि कोण कुठं अडलंय ते एका नजरेत कळतं. चौथीतली मुलगी पहिलीच्या पोरांना वाचून दाखवते, तेव्हा काही पालक म्हणतात, गुरुजी काम टाळतात. मला ते पटत नाही. सांगता सांगता सांगणाऱ्याचंही पक्कं होतं. मात्र रोज त्याच मुलीला बसवू नये.

आपल्याकडं शाळेला देणगी म्हटली की कमान! त्यापेक्षा गोष्टींच्या पुस्तकांची एक ट्रंक घ्यावी, तीन वस्त्यांच्या शाळांत महिन्या-महिन्यानं फिरवावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात. बैठकीला जाऊन हे बोलायला हवं.

खरी ओढाताण गळीत हंगामात. टोळ्यांबरोबर मुलं येतात. दाखला नाही म्हणून त्यांना परत पाठवता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात घ्यावंच लागतं. पण शाळेपर्यंत आणणार कोण? नाही आणलं तर ते पोर आपल्याच फडात, पाचटात धाकट्या भावंडाला सांभाळत बसतं. २०२३ साली शासनानं २० च्या आतल्या पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढं आणला. वस्तीवरची शाळा लांब गेली, तर पहिलं गळणार ते हेच पोर.

तेव्हा टोळी उतरल्याबरोबर मुकादमाकडून मुलांची नावं व वयं लिहून घ्या आणि चिठ्ठी गुरुजींकडं पोचवा. तोड सुरू व्हायच्या आत.