विश्लेषण : इंग्रजीतल्या ‘हॅल्सियन’ दिवसांचा खंड्याशी काय संबंध?

इंग्रजी आत्मचरित्र किंवा जुनी कादंबरी वाचताना ‘हॅल्सियन डेज’ हा शब्दप्रयोग कधी तरी समोर येतो. हॅल्सियन हे विशेषण. अर्थ शांत, निवांत, सुखाचा. ‘गेले ते सोन्याचे दिवस’ असा अर्थ लावून बहुतेक जण पुढे जातात. तो चुकीचा नाही, पण त्यातली मेख निसटते. ही शांतता दोन वादळांमधली आहे.

शब्द आला कुठून?

‘अल्किऑन’ हे खंड्या पक्ष्याचे ग्रीक नाव. रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’मध्ये त्याची कथा आहे. अल्सिओनी ही वाऱ्यांचा अधिपती इओलसची मुलगी. तिचा नवरा सीक्स समुद्रात बुडून मरतो. किनाऱ्याकडे वाहत आलेले त्याचे प्रेत पाहून ती झेप घेते आणि देवांच्या दयेने दोघांचेही पक्षी होतात. भर हिवाळ्यात ती समुद्रावर तरंगणाऱ्या घरट्यात अंडी उबवते, तेव्हा इओलस नातवंडांसाठी सात दिवस वारे कोंडून ठेवतो. ॲरिस्टॉटलने हे दिवस १४ सांगितले : वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आधीचे सात आणि नंतरचे सात. खरा खंड्या काठाच्या मातीत बीळ कोरून अंडी घालतो, पण कथेला त्याचे काय! ग्रीसमध्ये ऐन हिवाळ्यातल्या उबदार, निरभ्र दिवसांना आजही याच पक्ष्याचे नाव आहे.

साहित्यात कसा वापरला?

शेक्सपिअरने ‘हेन्री द सिक्स्थ’च्या पहिल्या भागात हा शब्द जोन ऑफ आर्कच्या तोंडी घातला, तोही ऑर्लिअन्सला वेढा पडलेला असताना. युद्धाच्या धामधुमीत ती उसंतीची ग्वाही देते. ‘किंग लिअर’मधला वापर मात्र बोचरा आहे. मेलेला खंड्या टांगून ठेवला की त्याची चोच वाऱ्याच्या दिशेने वळते, अशी तेव्हा समजूत होती. मालकाच्या लहरीप्रमाणे माना फिरवणाऱ्या हुजऱ्यांना नाटकात तशा चोची दिल्या आहेत. पुढे थॉमस ब्राउन या डॉक्टरने पक्षी टांगून ही समजूत तपासली आणि १६४६ च्या पुस्तकात खोडून काढली.

१९१४ पूर्वीच्या युरोपला हे विशेषण लावले की ते चपखल बसते, कारण पुढे महायुद्ध आहे. नुसत्या मजेत गेलेल्या रविवारसाठी ते जरा जडच.

पक्षिशास्त्रानेही ही नावे जपली. आपल्याकडे विजेच्या तारेवर दिसणारा पांढऱ्या छातीचा खंड्या म्हणजे ‘हॅल्सियन स्मिर्नेन्सिस’. कोकणातला चिमुकला, रंगीबेरंगी तिबोटी खंड्या म्हणजे ‘सीक्स एरिथाका’. नाव बुडालेल्या नवऱ्याचे. गंमत म्हणजे त्याची वीण शांत हवेत नव्हे, तर कोकणातल्या मुसळधार पावसात होते.