पानओवा : ओळख, लागवड आणि उपयोग

पानओवा हे आपल्या परसात, गॅलरीत, वाड्याच्या पायरीशेजारी इतके सहज वाढणारे झाड आहे, की त्याची मुद्दाम माहिती करून घ्यावी असे सहसा कुणाला वाटत नाही. सर्दी झाली की दोन पाने तोडावीत, पाहुणे आले की बेसनात बुडवून भजी तळावीत, इतकाच त्याच्याशी आपला व्यवहार. हेच झाड उत्तरेकडे नेले, की मात्र ही बेफिकिरी चालत नाही. बदलीच्या नोकरीतील अनेक मराठी कुटुंबे चंदीगडच्या पूर्व टोकाला, मनीमाजरा परिसरात राहतात. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याचे हे जुने गाव एके काळी एका छोट्या संस्थानाची राजधानी होते. जवळचे मनसादेवीचे प्रसिद्ध मंदिर येथील राजे गोपालसिंग यांनी १८११ ते १८१५ या काळात बांधले. २०२० साली या गावाला सेक्टर १३ असे नवे नाव मिळाले, तरी लोकांच्या तोंडी मनीमाजराच राहिले आहे. येथील सदनिकांच्या गॅलरीत पानओव्याची कुंडी ठेवणाऱ्यास दोन अडचणी येतात. पहिली थंडीची आणि दुसरी नावाची. त्यांपैकी दुसरी अधिक गंभीर आहे.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. पानओवा हा तुळस, पुदिना, सब्जा यांच्या कुळातला. कोवळी खोडे काहीशी चौकोनी, पाने समोरासमोर, जाड, रसरशीत, मखमली लव असलेली आणि कडेला बोथट दाते असलेली. पान चुरगळताच ओव्याचा वास येतो, म्हणून पानओवा. प्रत्यक्षात स्वयंपाकघरातल्या ओव्याशी त्याचे कोणतेही नाते नाही. ओवा हा जिरे, बडीशेप, कोथिंबीर यांच्या कुळातील वनस्पतीचे फळ आहे. मग वास सारखा का? ओव्याच्या तेलात मुख्यतः थायमॉल असते, तर पानओव्याच्या तेलात बहुधा कार्व्हाक्रॉल आणि त्यासोबत कमीअधिक थायमॉल. ही दोन्ही द्रव्ये त्याच अणूंची आणि तितक्याच संख्येने बनलेली. फरक असतो तो केवळ मांडणीचा. पिझ्झ्याबरोबर पुडीतून येणाऱ्या ओरेगॅनोच्या गंधातही कार्व्हाक्रॉलचाच मोठा वाटा असतो. म्हणूनच परदेशात या झाडाला 'क्यूबन ओरेगॅनो' म्हणतात.

क्यूबाशी त्याचा मूळ संबंध मात्र नाही. 'मेक्सिकन मिंट', 'स्पॅनिश थाइम', 'इंडियन बोरेज' अशी आणखी नावे इंग्रजीत आहेत आणि ज्या ज्या देशात झाड पोहोचले, तिथल्या लोकांनी ते आपले मानले एवढेच त्यांवरून कळते. १७९० साली पोर्तुगीज धर्मोपदेशक व वनस्पतिज्ञ जुआंव द लोरेरो यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि इंडोनेशियातील अंबोइना बेटावरून त्याला 'कोलियस ॲम्बोइनिकस' हे नाव दिले. पुढे ते 'प्लेक्ट्रॅन्थस' या प्रजातीत हलवले गेले आणि २०१९ साली झालेल्या पुनर्रचनेत पुन्हा 'कोलियस'मध्ये परत आले. त्यामुळे जुन्या पुस्तकांत एक नाव व नव्यांत दुसरे दिसल्यास वाचकांनी गोंधळून जाऊ नये. संस्कृतात पर्णयवानी, तमिळमध्ये कर्पूरवल्ली, कन्नडमध्ये दोड्डपत्रे, मल्याळममध्ये पनिकूर्क्क, ही सारी याच झाडाची नावे.

हिंदीत त्याला 'पत्थरचूर' किंवा 'अजवाइन पत्ता' म्हणतात, आणि येथेच घोळास आरंभ होतो. उत्तरेकडील रोपवाटिकेत 'पत्थरचूर' मागितले असता पुष्कळदा 'पत्थरचट्टा' हाती पडते. पत्थरचट्टा म्हणजे आपली पानफुटी. तिचे कूळ वेगळे, गुणधर्म वेगळे. त्यात भर म्हणजे हिमालयातील आणखी एक निराळी वनस्पती 'पाषाणभेद' या नावाने विकली जाते, आणि हे नाव काही ग्रंथांत पानओव्यालाही जोडलेले आढळते. तिन्ही नावांत दगड आहे, म्हणून तिन्ही वनस्पती मुतखड्यावर चालतात अशी समजूत सर्वत्र पसरली आहे आणि लोक कोणतीही पाने कशासाठीही चघळतात. पानफुटीत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकणारी द्रव्ये असतात. ऑस्ट्रेलियात तिच्या जातभाईंची झुडपे खाऊन गुरे दगावल्याची नोंद आहे. एखादे पान चुकून खाल्ल्याने माणसाला लगेच काही होईल असे नव्हे. परंतु हृदयविकाराची औषधे घेणाऱ्या ज्येष्ठाने ती रोज अनशेपोटी खाणे हा निव्वळ अविचार होय.

सुदैवाने दोन्ही झाडे ओळखणे अवघड नाही. पानफुटीचे पान गुळगुळीत व चकचकीत असते, त्याला ओव्याचा वास येत नाही आणि जमिनीवर पडलेल्या पानाच्या कडेच्या खाचांतून नवी रोपे फुटतात. पानओव्याचे पान हाताला लवदार लागते आणि त्याचा वास बोटांवर बराच वेळ रेंगाळतो. तेव्हा नाव विचारण्याऐवजी पान चुरगळून पाहावे. आणि मुतखड्याची शंका असल्यास दोहोंपैकी कशाचाही आधार न घेता तपासणी करून घ्यावी. खड्याने मूत्रमार्ग अडला असता दुखणे कमी होऊनही मूत्रपिंडाचे नुकसान चालूच राहू शकते. वेदनेबरोबर थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

आता लागवडीविषयी. आपल्याकडे या झाडाला फुले क्वचित येतात, त्यामुळे बियांची वाट पाहण्यात अर्थ नाही. बोटभर लांबीचे, तीन-चार पेरांचे निरोगी फाटे कापावेत, खालची पाने काढून टाकावीत आणि काप सुकावा म्हणून दिवसभर सावलीत ठेवावेत. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण टाळतात आणि फाटा कुजला म्हणून हळहळतात. माती, जाड वाळू व चांगले कुजलेले खत समभाग घेऊन, तळाला भोक असलेल्या कुंडीत फाटे खोचले, की दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात. सकाळचे तीन-चार तास ऊन पुरे. पाने मांसल असल्याने झाड स्वतःच पाणी साठवते. म्हणून वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच पाणी घालावे. हे झाड तहानेने क्वचितच मरते, बहुधा अतिपाण्याने मरते. शेंडे खुडत राहिल्यास झाड भरगच्च होते. जुने खोड काष्ठवत होऊन पाने लहान पडू लागली, की नवे फाटे लावून जुने काढून टाकणे श्रेयस्कर. पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्याने पुसून काढावेत. खायच्या पानांवर कीटकनाशक मारू नये.

एवढे कोकणात वा पुण्यात पुरते. मनीमाजऱ्यात मात्र वर्षाचे वेळापत्रक सांभाळावे लागते. कोकणच्या किनाऱ्यावर पारा १५ अंशांखाली सहसा जात नाही. येथे जानेवारीत रात्रीचे तापमान अनेकदा ५ अंशांच्या आसपास असते, कित्येक दिवस धुक्यामुळे सूर्यदर्शनही होत नाही. पानओवा हे उष्ण कटिबंधातील झाड. दहिवर गोठण्याइतकी थंडी पडली, की पानांतील पाणी गोठून पेशी फुटतात व एका रात्रीत पाने काळी पडून लोंबतात. यासाठी ऑक्टोबरात, झाड जोमात असतानाच, चार-पाच फाटे लहान कुंड्यांत लावून ठेवावेत. बँकेच्या परिभाषेत हा विम्याचा हप्ता समजावा. नोव्हेंबरच्या अखेरीस कुंडी दक्षिणेकडील खिडकीच्या आत घ्यावी आणि पाणी दहा-बारा दिवसांतून एकदाच, तेही दुपारी द्यावे. थंडीतली ओली माती गारठ्याइतकीच घातक ठरते. होळीनंतर कुंडी बाहेर काढून माती बदलावी. मे-जूनमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जाऊन लू वाहू लागते, तेव्हा दुपारची सावली हवी. पावसाळ्यात मात्र झाड असे फोफावते, की शेजाऱ्यांना फाटे वाटूनही उरतात.

उपयोगांकडे पाहताना घरगुती अनुभव, प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि रुग्णांवरील चाचणी या तीन पायऱ्या वेगवेगळ्या ठेवल्या पाहिजेत. तव्यावर किंचित शेकलेल्या पानांचा रस मधातून खोकल्यावर देणे ही पहिली पायरी. त्याने घशाला आराम वाटतो यात शंका नाही. मात्र एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. पानांचे तेल अनेक जिवाणूंची वाढ रोखते ही दुसरी पायरी. परंतु काचेच्या बशीत जिवाणू रोखले गेले म्हणजे छातीतला संसर्ग बरा झाला असे होत नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यास काढा पुरेसा नसतो. अशा वेळी क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा दंडक आहे. गारठ्यातला खोकला म्हणून महिनामहिना पानांवर काढणारी घरे पाहता हे पुन्हा सांगणे भाग आहे.

तिसऱ्या पायरीवर पानओवा अलीकडेच पोहोचला आहे. सुमात्रातील बाटाक समाजात बाळंतिणीला या पानांचे कालवण देण्याची परंपरा आहे. ते घेणाऱ्या मातांचे दूध वाढल्याचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्याहून महत्त्वाची आहे ती मधुमेहींच्या पायाच्या जखमेवरील चाचणी. तैवानमध्ये पानओवा व मंडूकपर्णी यांच्या अर्कांपासून मलम तयार करण्यात आले आणि २३६ रुग्णांवर त्याची प्रचलित शोषक मलमपट्टीशी तुलना करण्यात आली. सोळा आठवड्यांच्या उपचारात मलम लावलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के जखमा पूर्ण भरल्या. मलमपट्टीच्या गटात हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होते. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ही बातमी वाचून कुणी कुंडीतले पान वाटून जखमेवर लावू नये. चाचणीतील अर्क शुद्ध केलेला व मोजून घेतलेला होता, कुंडीतल्या पानावर मातीतील जंतू असतात, आणि बधिर पायाची जखम चिघळली तर बोट, प्रसंगी पाय गमवावा लागतो.

पानओव्याच्या एका भावंडाची कथा महाराष्ट्राशी निगडित आहे. माइनमुळा या कोलियसच्या मुळांपासून फोर्सकोलिन हे द्रव्य मुंबईत, मुलुंड येथील हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी वेगळे केले आणि १९७७ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. पेशींमधील एका महत्त्वाच्या विकराला चेतवणारे हे द्रव्य जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. त्यापासून बनवलेल्या एका औषधाला जपानमध्ये १९९९ साली हृदयदौर्बल्यासाठी मान्यताही मिळाली. ते माइनमुळ्याच्या मुळांत असते. पानओव्याच्या पानांत ते शोधू नये. माइनमुळ्याची व्यापारी लागवड दक्षिणेत खरेदीच्या कराराने होते. कर्जासाठी अर्ज करणाऱ्या शेतकऱ्याने रोपांच्या खर्चाआधी हा करार तपासावा : भाव ओल्या मुळांचा की वाळलेल्या, प्रतवारी कोण ठरवणार, माल नाकारल्यास काय? पानओव्याला अशी संघटित बाजारपेठ नाही. तो कुंडीतच शोभतो.

स्वयंपाकात मात्र तो मुक्तहस्ते वापरावा. भज्यांसाठी मध्यम आकाराची, देठासह तोडलेली पाने घ्यावीत. बेसनात तांदळाचे थोडे पीठ घातल्यास कुरकुरीत होतात. ओव्याचे दाणे पिठात घालू नयेत, वास दुहेरी होऊन उग्र लागतो. कर्नाटकात पाने तुपावर परतून, जिरे-मिरी व खोबऱ्यासह वाटून ताकात कालवतात. ही तंबुळी उन्हाळ्यात भाताबरोबर उत्तम. गरोदर स्त्रियांनी जेवणातील पानापुरतेच राहावे, रस किंवा तेल घेऊ नये. घरात कुत्रे वा मांजर असल्यास कुंडी उंचावर ठेवावी, कारण ही पाने त्यांना बाधतात.