लोखंडी सोबती (14) : तेल कुठपर्यंत?

या आठवड्यात ऑइल सील बदलायचं कबूल केलं होतं. ते लांबतंय. दोष अमरावतीच्या एका वाचकांचा.

त्यांच्याकडे माझ्यासारखीच राजदूत 350 आहे. चिमट्यातलं जुनं तेल काढून त्यांनी नवं भरलं आणि नळीच्या तोंडापासून तेलापर्यंतचं अंतर मोजलं. ते 103 मिलीमीटर भरलं. त्यांच्या मित्राची गाडी तीच, तेल तेवढंच, पण अंतर 150. दोघांत पैज लागली आहे आणि पंच म्हणून मला नेमलं आहे. मी उलट एवढंच विचारलं, की मोजताना स्प्रिंग आत होती की बाहेर? संध्याकाळी फोन आला, "माझी आत होती, त्याची बाहेर."

म्हणजे दोघंही बरोबर, आणि पैज रद्द.

स्प्रिंग दिसायला पोकळ असते, पण ते पोलाद आहे. 390 ग्रॅमची स्प्रिंग असेल तर पोलादाच्या घनतेनं ती 50 मिली जागा खाते. नळी पूर्ण दाबलेली असताना ती निम्मी तेलात बुडाली, तर 25 मिली तेल वर ढकलते. नळीचा आतला व्यास 26 मिलीमीटर धरा. छेदाचं क्षेत्रफळ 5.3 चौरस सेंटीमीटर होतं, आणि 25 मिली म्हणजे 47 मिलीमीटर उंची. 103 मध्ये 47 मिळवा. हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत; तुमच्या गाडीची स्प्रिंग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि नळीला व्हर्नियर लावा. काटा पुसून परत ठेवा, म्हणजे घरात पुढचे लेखही लिहिता येतील.

नागपूरकरांना ही गोष्ट खरं तर समजावून सांगायला नको. झिरो माइलच्या खांबाशेजारी 1907 सालचा सर्वेक्षण खात्याचा दगड आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची 1020.171 फूट. दशांशानंतरचे तीन आकडे छातीठोकपणे लिहिता आले, कारण कुठून मोजायचं हे आधी पक्कं केलं होतं. चिमट्यातला समुद्र म्हणजे नळीचं वरचं तोंड. चिमटा पूर्ण दाबलेला, स्प्रिंग बाहेर, गाडी सरळ उभी. या तीन अटींशिवाय सांगितलेला आकडा कानाआड करावा.

आता कुणी म्हणेल, पुस्तकात मिलीमध्ये माप दिलेलं असतं, तेवढं मोजून ओतलं की झालं. माझ्या जुन्या मिस्तरींचं तर त्याहून सोपं होतं. "काहून मोजत बसता भाऊ? एका नळीत एक पव्वा टाका अन् मोकळे व्हा." पव्वा त्यांच्याकडे मुबलक असायचा, रिकामा. त्यात 180 मिली मावतं, हे मला त्यांच्यामुळेच कळलं.

पुस्तकातलं माप बहुधा कोरड्या नळीचं असतं, म्हणजे चिमटा सोडवून, धुऊन, पुसून जोडल्यानंतरचं. आपण खालचा स्क्रू काढतो, चारदा दाबतो, धार थांबली की समाधान मानतो. तेल मात्र डॅम्पर रॉडच्या आडोशाला आणि नळीच्या भिंतींना चिकटून राहतं. ते 15 मिली धरा. पुस्तकाप्रमाणे वर 150 ओतलं की झालं 165, आणि पातळी 28 मिलीमीटरनं चढली.

28 मिलीमीटरनं काय बिघडतं? इथंच खरी गंमत आहे, आणि या गमतीपायीच मी सील पुढं ढकलले. तेलाच्या वर जी हवा कोंडलेली असते, तीही स्प्रिंगच आहे. शाळेतला बॉईलचा नियम आठवा. चिमटा पूर्ण दाबलेला असताना 150 मिलीमीटर रिकामी जागा म्हणजे 80 मिली. स्प्रिंग घातली की त्यातले 50 गेले. हवेला उरले 30. चिमट्याचा प्रवास 130 मिलीमीटर असेल, तर ढोबळ हिशेबानं पूर्ण ताणलेल्या स्थितीत हवेला 99 मिली जागा असते. म्हणजे खड्ड्यात हवा सव्वातीनपट दाबली जाते. आता ते विसरलेले 15 मिली धरा. 84 ची हवा 15 मध्ये कोंबायची, साडेपाचपट. पोलादी स्प्रिंग तीच, पण चिमटा शेवटच्या दोन बोटांत दगड होतो. लोक मग स्प्रिंग बदलतात, तेल बदलतात, कधी कधी गाडीच विकतात.

आणि पव्वा? 180 अधिक आतले 15, म्हणजे 45 मिली जास्त, आणि हवेला मुळात जागा होती 30. चिमटा तळाला टेकण्याआधीच 28 मिलीमीटरवर तेल टोपणाला भिडणार, आणि तेल काही हवेसारखं दबत नाही. वीस वर्षांपूर्वी मी हा प्रयोग स्वतःवर केला आहे. मिस्तरींना दोष नाही, मान मीच डोलावली होती. कोराडी रस्त्यावर एका गतिरोधकानं दोन्ही सील एका दमात बाहेर काढले. तेल नळीवरून ओघळत पुढच्या ड्रमपर्यंत गेलं. मूळ यामाहाला पुढं डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे 1983 मध्ये एस्कॉर्ट्सनं ती गाडी आणली तेव्हा पुढं ड्रम बसवला. तेलकट ड्रमनं 350 सीसी थांबवणं हा स्वतंत्र अनुभव आहे. त्या दिवशी मला एका पानठेल्यानं थांबवलं.

कमी तेलाचं दुखणं वेगळं असतं. डॅम्पर रॉडची भोकं उघडी पडली की चिमटा हवा गिळतो, पुढचं चाक नाचतं आणि ब्रेक दाबताच गाडी नाक खाली घालते.

कृती सांगतो. गाडी मेन स्टँडवर आणि इंजिनाखाली जॅक. टोपण फिरवण्याआधी नळीला आवळून धरणारा वरच्या टीचा बोल्ट सैल करा, नाहीतर आटे चिरडतात. टोपणाखाली स्प्रिंग दाबलेली असते. शेवटच्या आट्याला तळहाताचा जोर ठेवा आणि तोंड बाजूला. दोन्ही स्प्रिंगा काढल्यावर तेल थोडं जास्तच ओता. चिमटा आठ-दहा वेळा सावकाश वरखाली करा, डॅम्परमधली हवा बुडबुड्यांनी वर येऊ द्या, आणि मग जाऊन चहा प्या. परत आल्यावर जॅक हळूहळू खाली घ्या, चिमटा तळाला बसेल.

आता औजार. औषधाच्या दुकानातून 50 मिलीची सिरिंज आणा. तिला सलाईनच्या नळीचा तुकडा, त्याच्या टोकाला पितळेची बारीक नळी. ती नळी एका लाकडी पट्टीला भोक पाडून आरपार घट्ट बसवा, पट्टीखाली बरोबर 150 मिलीमीटर राहील अशी. पट्टी चिमट्याच्या तोंडावर आडवी टेकवा आणि दट्ट्या ओढत राहा. जास्तीचं तेल येत राहील. नळी हवा ओढून गुरगुरली की पातळी लागली. दुसऱ्या नळीतही तेच. दोन्हींत दोन-तीन मिलीमीटरचा फरक राहिला तर झोप उडवून घेऊ नका. दोन्ही पाय एकाच आसाला बांधलेले आहेत.

हे काम सकाळी उरका. तेल अंशाला साधारण हजारात 0.7 भाग फुगतं. जानेवारीतली 10 अंशांची पहाट आणि मेमधली 45 अंशांची दुपार यांत 150 मिली तेल पावणेचार मिलीनं वाढतं, म्हणजे पातळीत 7 मिलीमीटर. आमच्या शहराचा विक्रम 47.9 अंशांचा आहे, 23 मे 2013 चा. मे 2024 मध्ये एका स्वयंचलित केंद्रानं 56 दाखवले होते, तो यंत्राचा बिघाड निघाला. त्या दिवशी मात्र आम्हा सगळ्यांना ते खरे वाटले होते.

ज्यांच्या चिमट्यात स्प्रिंग वरून निघतच नाही, त्यांना हा मार्ग बंद. त्यांनी चिमटा सोडवावा, धुवावा, आणि कोरड्या नळीत पुस्तकाचं माप घालावं.

एका वाचकांनी रागावून विचारलं आहे, की 350 ला मी "व्हिंटेज" कसं म्हणतो. 2021 च्या सरकारी नियमांत 50 वर्षांची अट आहे, त्यामुळे सर्वांत जुनी राजदूत 350 सुद्धा 2033 पर्यंत त्यात बसत नाही. मान्य. आम्ही दोघं थांबायला तयार आहोत.

सील पुढच्या अंकी. ज्यांच्या नळ्या आत्ताच गळताहेत त्यांनी तोवर नवं तेल विकत घेऊ नये. आणि पातळीविषयी पत्र लिहाल तेव्हा आकड्याशेजारी दोन शब्द जरूर लिहा : स्प्रिंग आत, किंवा स्प्रिंग बाहेर.