वाढत्या अंगाचे कपडे : उजनी धरणाकाठच्या गावांतील उन्हाळा आणि इलॅस्टिकच्या चुण्यांचे घरगुती शिवणकाम

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात उजनी गावाजवळ भीमा नदीवर बांधलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. ‘यशवंतसागर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या जलाशयाचा फुगवटा माढा व करमाळा तालुक्यांतून पुढे पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या हद्दीपर्यंत पसरला आहे. या जलाशयाने अनेक गावांची जुनी गावठाणे व जमिनी पाण्याखाली घेतल्या आणि काठावरील शेतीचे स्वरूपही बदलले. ऊस वाढला, कंदरसारखे गाव केळीसाठी ओळखले जाऊ लागले, मासेमारी हा उपजीविकेचा एक मार्ग झाला. पाणी आले, परंतु उन्हाळा मात्र तोच राहिला. एप्रिल-मे महिन्यांत या भागाचे तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. दाट उसात किंवा केळीच्या बागेत काम करणाऱ्या स्त्रीला आणि पत्र्याच्या घरात दुपार काढणाऱ्या लहान मुलाला अंगावरचा कपडा कसा आहे, हा प्रश्न शोभेचा नसून आरोग्याचा आहे.

तयार कपड्यांच्या बाजारात स्वस्त मिळणारे बालकांचे व स्त्रियांचे कपडे पुष्कळदा पॉलिएस्टरचे किंवा मिश्र धाग्याचे असतात. घरी सुती कपडा शिवावा, तर मापे, बेतणे, काजे, हुक, चेन या कौशल्यांची अडचण येते. या दोहोंमधील एक सोपा मार्ग म्हणजे इलॅस्टिकच्या दोऱ्याने चुण्या घालून शिवलेले कपडे. शिवणवर्गांत या प्रकाराला ‘शिअरिंग’ असेही म्हणतात. या तंत्रामागील तत्त्व, घरगुती मशीनवर ते वापरण्याची रीत, त्याच्या मर्यादा आणि त्याचे सामाजिक मोल यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परंपरेतील आधार

मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवावेत, असे शिंप्याला सांगण्याची रीत मराठी घरांत जुनी आहे. एका अंगाला नेमका बसणारा कपडा वर्षभरात निरुपयोगी होतो, हे त्यामागील साधे अर्थशास्त्र होय. पारंपरिक पेहरावाकडे पाहिल्यास मापाऐवजी गाठीवर आणि नाडीवर विसंबणारे कपडे ठळकपणे दिसतात. पुढे गाठ मारण्याची चोळी, नेफ्यात नाडी ओवलेला परकर, बंदांचे झबले आणि मुळात न शिवलेले नऊवारी लुगडे हे सर्व अंगाच्या बदलाला सामावून घेतात. गरोदरपण, बाळंतपण, आजारपण वा वय यांमुळे देहात होणारा फरक हे कपडे मुकाट्याने पत्करतात. हुकांचे ब्लाउज आणि मापाचा फ्रॉक आल्यावर ही सोय कमी झाली. इलॅस्टिकच्या चुण्या त्याच जुन्या तत्त्वाचे नवे रूप आहेत. येथे नाडी एक नसून दहा-बारा बारीक ओळींत विभागलेली असते आणि तिला गाठ मारावी लागत नाही.

या तंत्राला आवश्यक असलेला धागा आधुनिक आहे. रबराच्या गाभ्याभोवती सूत गुंडाळलेला ‘लास्टेक्स’ हा धागा १९३१ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आला. पुढे १९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्स हा कृत्रिम लवचीक तंतू शोधला. त्यापूर्वी कपड्याला ताण देण्यासाठी चुण्या हाताने टाचून त्यांवर नक्षीचे टाके घालावे लागत. स्मॉकिंग या नावाने ओळखले जाणारे ते काम वेळखाऊ होते. इलॅस्टिकच्या दोऱ्याने हेच काम सरळ टाक्याच्या साध्या मशीनवर शक्य झाले.

तंत्राचे स्वरूप

सरळ टाक्याच्या मशीनमध्ये दोन दोरे असतात. वरचा सुईतून येतो व खालचा बॉबिनमधून. चुण्यांसाठी वरचा दोरा नेहमीचाच ठेवून बॉबिनवर इलॅस्टिकचा दोरा भरतात. तो मशीनवर न भरता हाताने, फारसा न ताणता गुंडाळावा. भरतानाच तो घट्ट ताणला गेला, तर शिवताना त्याला ताण उरत नाही आणि चुण्या पडत नाहीत. टाका लांब, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटरचा ठेवावा. कापडाची उलटी बाजू खाली ठेवून सुलट बाजूवरून शिवावे, म्हणजे इलॅस्टिक आतल्या बाजूस राहते.

पहिली ओळ खडूने आखून घालावी. पुढील ओळी साधारण १ सेंटिमीटर अंतरावर, मशीनच्या पायाची कड आधीच्या ओळीला समांतर ठेवून घालाव्यात. दुसऱ्या ओळीपासून कापड दोन्ही हातांनी ताणून सपाट धरणे आवश्यक असते. पहिल्या ओळीनंतर कापड फारसे आखडत नाही, म्हणून नवखी व्यक्ती निराश होते. वस्तुतः परिणाम ओळींच्या संख्येबरोबर वाढतो. शेवटी ओलसर फडके पसरून त्यावर गरम इस्त्री न टेकवता धरली, की वाफेने इलॅस्टिक आणखी आखडते. दोऱ्यांची टोके गाठवून बाजूच्या शिलाईत पक्की दाबावीत, अन्यथा एका टोकापासून अख्खी ओळ सुटते. हे सर्व पायाने चालणाऱ्या मशीनवर होऊ शकते, त्यामुळे वीज नसतानाही काम अडत नाही.

मापाऐवजी प्रमाण

या शिवणकामातील खरे कौशल्य मापात नसून प्रमाणात आहे. प्रत्येक कापड, धागा व मशीन यांनुसार आखडण्याचे प्रमाण बदलते; म्हणून नमुना शिवून पाहणे अपरिहार्य ठरते. त्याच कापडाचा २० सेंटिमीटर रुंद तुकडा घेऊन त्यावर पाच-सहा ओळी घालाव्यात, वाफ द्यावी आणि मोजावे. तो ११ सेंटिमीटर भरला, असे समजू. मुलीच्या छातीचे माप ५४ सेंटिमीटर असेल, तर न ताणलेली चुण्यांची पट्टी त्याहून सुमारे एक दशांशाने कमी, म्हणजे ४८ सेंटिमीटर असावी. तेव्हा ४८ ला ११ ने भागून २० ने गुणल्यास सुमारे ८७ सेंटिमीटर कापड लागते. शिलाईसाठी २ सेंटिमीटर माया धरली, तर ८९ सेंटिमीटर. म्हणजे ३६ इंच पन्ह्याच्या कापडाच्या एकाच रुंदीत, बाजूला एकच जोड देऊन, लहान मुलीचा फ्रॉक होतो. खांद्याच्या पट्ट्या बांधायच्या ठेवल्या, तर उंचीतील वाढही काही अंशी सामावली जाते. ज्या घरात मोठीचा फ्रॉक धाकटीला जातो, तेथे या सोयीचे मोल वेगळे सांगावयास नको.

स्त्रियांसाठी हेच गणित लागू पडते. छाती ९० सेंटिमीटर असल्यास पट्टी ८२ सेंटिमीटरची आणि कापड सुमारे १४९ सेंटिमीटरचे लागते. ते दोन भागांत जोडावे. गावात घरी व अंगणात वावरताना गाऊनवर ओढणी किंवा टॉवेल घेण्याची पद्धत आहे. अशा गाऊनची केवळ पाठ चुण्यांची ठेवून पुढचा भाग साधा ठेवल्यास तो गरोदरपणातील बदलत्या अंगालाही पुरतो. पुढे बटणांची उघडी ठेवल्यास स्तनपान करणाऱ्या मातेला तोच कपडा सोयीचा ठरतो.

उन्हाळ्याच्या दृष्टीने विचार

घाम बाष्प होऊन उडतो तेव्हा शरीर थंड होते. कपड्याने घाम टिपावा आणि हवा खेळू द्यावी, हे उन्हाळी कपड्याचे दोन निकष होत. प्रमाणित आर्द्रतेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर सुमारे ०.४ टक्के. म्हणून मलमल, वायल व कॅम्ब्रिक ही पातळ सुती कापडे या कामास योग्य ठरतात. जाड वा कडक कापडावर इलॅस्टिकच्या दोऱ्याचे बळ अपुरे पडते. जुन्या सुती साडीचे मऊ कापडही चालते. मात्र ते उजेडापुढे धरून विरलेला भाग वगळावा. नवे सुती कापड आधी भिजवून वाळवावे, नाहीतर धुतल्यावर कापड आटून सर्व प्रमाण बिघडते.

येथे एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. चुण्यांखालचा मोकळा घेर हवा खेळवतो. परंतु चुण्यांच्या जागी कापड जवळजवळ दुप्पट होऊन अंगाला चिकटते. तेथेच घाम साचतो व घामोळे उठते. म्हणून छातीपासून कमरेपर्यंत दाट चुण्या शोभिवंत दिसल्या, तरी कडक उन्हाळ्यासाठी पाच-सहा ओळींची अरुंद पट्टी अधिक हितकारक होय. तान्ह्या बाळाला इलॅस्टिकच्या चुण्या टाळून बंदांचे झबलेच घालावे. मोठ्या मुलांच्या बाबतीतही कपडा काढल्यावर त्वचेवर ओळींचे वळ दिसत असतील, तर पट्टी घट्ट आहे असे समजावे. आतील सुटे दोरे कापून टाकावेत, कारण ते बोटांभोवती गुंडाळले जाऊ शकतात.

टिकाऊपणा आणि दुरुस्ती

या कपड्यातील सर्वांत दुर्बळ घटक म्हणजे इलॅस्टिक. ऊन, उष्णता, तेल आणि ब्लिचिंग पावडर यांमुळे रबर कडक होऊन त्याचा ताण जातो. त्यामुळे कपडा पिळू नये, सावलीत वाळवावा आणि चुण्यांवर गरम इस्त्री टेकवू नये. एवढे करूनही कापडाच्या आधी इलॅस्टिक संपते. कपडा सैल पडून निरुपयोगी वाटतो व टाकला जातो, तो बहुधा याच टप्प्यावर. तेव्हा कापड मात्र धुऊन धुऊन अधिक मऊ, म्हणजे उन्हाळ्यासाठी अधिक योग्य झालेले असते.

बाजूची शिलाई उसवावी, जुने टाके काढावेत, कापड धुऊन सपाट करावे आणि त्याच खुणांवर नव्या ओळी घालाव्यात, इतकीच ही दुरुस्ती असते. मूल वाढले असल्यास या वेळी ओळींची संख्या कमी करता येते आणि खाली झालर जोडून उंची वाढवता येते. कपडा खऱ्या अर्थाने ‘वाढत्या अंगाचा’ होतो तो या दुसऱ्या शिलाईमुळे. हे ज्ञान नसेल, तर चुण्यांचा कपडा मापाच्या कपड्याहून अल्पायुषी ठरण्याचा धोका आहे.

निष्कर्ष

सोलापूरला वस्त्रनिर्मितीची मोठी परंपरा आहे. ‘जुनी गिरणी’ म्हणून परिचित असलेली कापडगिरणी १८७७ मध्ये सुरू झाली आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. परंतु वस्त्राचा इतिहास लिहिताना गिरणी, माग आणि बाजार यांची नोंद होते. घरात, स्वयंपाक व शेतकाम यांच्या मधल्या वेळात होणाऱ्या शिलाईची नोंद क्वचितच होते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. मात्र घरच्यांसाठी शिवणारी स्त्री व्यवसायाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही.

घरी मशीन असणे ही केवळ पहिली पायरी आहे. प्रमाण काढण्याचे साधे गणित, कापडाची पारख आणि उसवून पुन्हा शिवण्याची सवय या गोष्टी शिकविल्याशिवाय त्या मशीनचा पूर्ण उपयोग होत नाही. गृहविज्ञान, वस्त्रशास्त्र, गणित व ग्रामीण अर्थशास्त्र यांना जोडणारा हा विषय महाविद्यालयीन विस्तारकार्यात सहज सामावू शकतो. धरणाकाठच्या गावांत अशा वर्गांची आखणी करताना नवा फ्रॉक शिवून दाखविण्याइतकाच वेळ जुना फ्रॉक उसवून दाखविण्यास दिला, तर उन्हाळ्यातील एक खर्च आणि एक त्रास दोन्ही कमी होतील.