काळे मणी

सासूबाई गेल्या त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर त्यांचे मंगळसूत्र मोडायचे ठरले. दोन लेकी आणि मी सून. सोने तिघींत वाटायचे होते. आमच्या रामदासपेठेतील घरून मी आणि थोरल्या नणंदबाई इतवारीच्या सराफ्यात गेलो. सराफाने वाट्या आणि सोन्याची तार काट्यावर ठेवली. काळे मणी मात्र बोटाने बाजूला सारले. "ही काच, वहिनी. हिचे काही येत नाही." मी ते मणी रुमालात बांधून घरी आणले.

पुढे थंडीत गोरोबाकाकांच्या समाधीच्या दर्शनाला तेरला जाणे झाले. तेथील लामतुरे संग्रहालयात जुने काचेचे मणी पाहिले आणि माझे पाऊल अडले. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक सागरवृत्तान्तात त्याचे नाव पैठणच्या जोडीने येते. इकडचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाई आणि तेथून थेट रोमन साम्राज्यात. तिकडून येणाऱ्या गलबतांत दारू, तांबे, पोवळे असे, आणि कच्ची काचही असे! आपल्याकडे काच होत नव्हती असे मात्र नव्हे. रोमन लेखक प्लिनी याने तर भारतीय काचेला तोड नाही, अशी नोंद करून ठेवली आहे.

त्या काळचे कारागीर काचेवर सोन्याचा पातळ वर्ख चढवीत आणि त्यावर पुन्हा काचेचा थर देत. असे मणी रोमन जगात होते, तसेच आपल्या दख्खनच्या उत्खननांतही मिळाले आहेत. सोने आत आणि राखणीला काच!

मग माझ्या ध्यानात आले. तगरच्या बायकांनी सोनेही ल्यायले असेल; पण सोने पिढ्यान्‌पिढ्या आटते आणि नवे रूप घेते. काच कोणी मोडीत घेत नाही, म्हणून तर ती २००० वर्षे तशीच राहिली.

आमच्या वाट्याच्या सोन्याच्या अंगठ्या झाल्या. सुबक आहेत, पण त्यांत सासूबाई दिसत नाहीत. यंदा भाऊबीजेला नणंदा आल्या, तेव्हा रुमाल सोडला आणि मण्यांचे तीन सर रेशमात ओवून एकेक प्रत्येकीच्या हाती दिला. थोरल्या नणंदबाईंनी तो गालाला लावला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.